इहिदे तिसैन मया व अलफ : धारवाडच्या वेढ्याचा सन आणि सन-वाचनाचे नियम

धारवाडचा किल्ला सप्टेंबर १७९० ते एप्रिल १७९१ या काळात वेढ्यात होता. बाहेर परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज आणि तिच्या मदतीला मुंबईहून आलेली कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी होती. आत टिपू सुलतानाचा किल्लेदार बद्रुज्जमान खान सुमारे सात महिने किल्ला लढवत राहिला. या तुकडीत असलेल्या एडवर्ड मूर या तरुण लेफ्टनंटने मोहिमेची हकीकत लिहून १७९४ मध्ये लंडनला छापली. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेहून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या खंडांतून पुढे आणली. वेढ्याच्या लष्करी बाजूवर त्यामुळे पुष्कळ लिहिले गेले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान आहे. वेढ्याच्या त्या महिन्यांना कोणत्या नावाने ओळखले जात होते, हा तो विषय. किल्ल्याच्या तटाबाहेर तो काळ शालिवाहन शके १७१२, साधारण संवत्सर असा होता. मराठी छावणीच्या कागदांत तो 'सुहूर सन इहिदे तिसैन मया व अलफ' होता. हिजरी सन १२०५ होता आणि इंग्रज तुकडीसाठी इसवी सन १७९०-९१ होता. तटाच्या आत याच काळाला मौलूदी सन १२१८, 'शता' असे नाव होते. इतकेच काय, किल्ल्याखालच्या गावालाही आत आणि बाहेर वेगळी नावे होती. टिपूच्या टांकसाळीच्या नाण्यांवर धारवाडचे नाव 'खुर्शीद-सवाद' असे आढळते.

काळ एक आणि त्याच्या ओळखीच्या खुणा पाच. प्रत्येक खूण एखाद्या नियमाने बांधलेली होती आणि तो नियम ठाऊक असेल तरच ती उलगडता येते. आज जीवशास्त्राच्या संगणकीय संज्ञाकोशांत लाखो संज्ञांना ओळख-क्रमांक देताना जे प्रश्न पुढे येतात, ते प्रश्न या कागदांत आधीच उपस्थित झालेले दिसतात. खुणेत अर्थ ठेवावा की नाही? जुनी खूण नव्या अर्थाने वापरावी का? वाचणाऱ्याने ती कोणत्या क्रमाने फोडावी?

शुहूर सनाची उत्पत्ती

'शुहूर' हे 'शहर' म्हणजे महिना या अरबी शब्दाचे अनेकवचन आहे. मराठी कागदांत त्याची रूपे सुहूर, सुरू, सूर अशी होतात आणि लेखक बहुधा 'सु॥' एवढेच लिहून थांबतो. याच सनाला अरबी सन आणि मृगसाल अशीही नावे आहेत. शेवटचे नाव अधिक बोलके आहे, कारण सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, हे वर्ष बदलते.

सनाचा आरंभ इसवी सन १३४४ म्हणजे हिजरी ७४५ या वर्षाशी जुळतो. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर मुहंमद तुघलक होता आणि दौलताबाद हे त्याच्या राज्याचे दक्षिणेतील मोठे केंद्र होते. रॉबर्ट सीवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ च्या पंचांगविषयक ग्रंथात या सनाचा विचार आला असून अभ्यासक त्याचा संबंध तुघलकाच्या कारकिर्दीशी जोडतात.

असा सन काढण्याचे कारण शेतात आहे. हिजरी वर्ष चांद्र असून ते ३५४ दिवसांचे असते. पीक मात्र सूर्याच्या गतीने येते. सारा हिजरी वर्षाने मोजला, तर बत्तीस सुगींमध्ये सुमारे तेहतीस वर्षे भरतात आणि एका वर्षाचा सारा कोणत्या पिकातून द्यावा हे कळत नाही. त्यावर तोड म्हणून हिजरीचा आकडा एकदा घेतला आणि पुढे तो सौर वर्षाने चालवला. धार्मिक व्यवहाराचे पंचांग जागेवर राहिले, वसुलीचे पंचांग शेतकऱ्याच्या पेरणीला बांधले गेले. १३४४ मध्ये दोन्ही आकडे एक होते. पुढे हिजरी वेगाने सरकत गेला आणि धारवाडच्या वेढ्याच्या वेळी हिजरी १२०५ तर शुहूर ११९१ असे चौदा वर्षांचे अंतर पडलेले दिसते. दख्खनमध्ये शहाजहानच्या काळात, इसवी सन १६३६ मध्ये सुरू झालेला फसली सनही याच गरजेतून आला. त्याचा आकडा शुहूरपेक्षा नऊने पुढे असतो.

बहमनी, निजामशाही, आदिलशाही या राजवटी गेल्या तरी हा सन टिकला. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला आणि फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करविला. तरीही कारकुनाच्या लेखणीतून 'सु॥' गेला नाही. पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ तो चालू राहिला. गावोगावचे जमाखर्च ज्या खुणेवर उभे होते, ती खूण बदलणे कोणालाच परवडणारे नव्हते.

नावाची बांधणी

शुहूर सन आकड्यात क्वचित आणि अरबी संख्याशब्दांत नेहमी लिहिला जातो. ते शब्द मराठी उच्चारात पुढीलप्रमाणे येतात. एकं : इहिदे, इसन्ने, सल्लास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं : अशर, अशरीन, सल्लासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभराला मया, दोनशेला मयातैन आणि हजाराला अलफ. मध्ये येणारा 'व' हा अरबी-फारसीतील 'आणि' होय.

उर्दू किंवा अरबी शिकवणाऱ्याला या यादीत अरबी व्याकरण स्पष्ट दिसते. 'सना' म्हणजे वर्ष हा शब्द अरबीत स्त्रीलिंगी आहे. म्हणून एकसाठी 'वाहिद' किंवा 'अहद' न येता 'इहदा' येते आणि त्याचेच मराठीत 'इहिदे' झाले. तीन ते नऊ या संख्या अरबीत नामाच्या उलट लिंगाचे रूप घेतात. त्यामुळे 'खमसा' न येता 'खम्स' येते. अर्बा, सबा, तिसा यांच्या शेवटी ऐकू येणारा 'आ' वास्तविक 'ऐन' या व्यंजनाचा मराठी कानाने केलेला स्वर आहे. दहंच्या शब्दांच्या शेवटी येणारे 'ईन' किंवा 'ऐन' हे षष्ठीचे रूप आहे, कारण 'अमुक संख्येचे वर्ष' असा तो प्रयोग आहे. ज्या कारकुनाला अरबीचे अक्षर येत नव्हते, तोही हे व्याकरण पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक लिहीत होता. भाषा न येताही तिचा नियम पाळला जात होता, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणे कठीण.

क्रमाचा नियम असा : आधी एकं, मग दहं, मग शेकडा, शेवटी हजार. मराठी माणसाला याचा अर्धा भाग परका नाही. 'एक्क्याण्णव' म्हणताना मराठीतही एक आधी आणि नव्वद नंतर येतात. मराठीत शेकडा पुढे येतो, अरबीत तो मागे जातो, एवढाच फरक. अकरा ते एकोणीस या संख्यांत एकंनंतर लगेच 'अशर' येते.

आता 'इहिदे तिसैन मया व अलफ' फोडता येते. एक, नव्वद, शंभर आणि एक हजार, एकूण ११९१. जून ते डिसेंबरमधील तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवावेत, जानेवारी ते मे अखेरची असेल तर ६००. म्हणजे १७९० चा पावसाळा ते १७९१ चा उन्हाळा. धारवाडचा पूर्ण वेढा या एका सनात सामावतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या वर्षाचा सन 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१ होता. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१ येते.

वाचनातील खाचखळगे

नियम सोपा असला तरी कागद सोपा नसतो. मोडी लिपीत आधी सलग रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात. शब्दांत अंतर नसते आणि इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. अशा लेखनात सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०), तिसा (९) आणि तिसैन (९०), सीत (६) आणि सितैन (६०) या जोड्या सहज गोंधळ करतात. शब्दाचे शेवटचे अक्षर पुसट असेल तर दहापट फरक पडतो.

दुसरी अडचण गळतीची. टिपू सुलतान ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणला पडला. तो सन 'तिसा तिसैन मया व अलफ' म्हणजे ११९९ होता. लागोपाठ येणाऱ्या या दोन सारख्या शब्दांपैकी पहिला नक्कल करताना सुटला, तर सन ११९० होतो आणि घटना नऊ वर्षे मागे जाते. उरलेले नावही नियमात बसणारे असल्याने चूक पाहून ओळखता येत नाही. कारकून पुष्कळदा 'मया व अलफ' गाळून केवळ 'इहिदे तिसैन' लिहितो. त्या वेळी शेकडा कोणता, हे पत्रातील माणसांच्या नावांवरून ठरवावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे. सन सौर, परंतु त्याबरोबर लिहिलेला महिना आणि तारीख हिजरी म्हणजे चांद्र. तारखेआधी 'छ' हे अक्षर येते, ते चंद्राच्या तारखेची खूण म्हणून. 'छ २५ रमजान, सन इहिदे तिसैन' असा कागद हाती आला असे समजावे. शुहूर ११९१ हा सन १७९० च्या जूनच्या आरंभी सुरू झाला. तेव्हा हिजरी १२०४ चा रमजान संपत आला होता आणि त्याची २५ वी तारीख ८ जून १७९० च्या सुमारास पडते. हा सन जून १७९१ च्या आरंभापर्यंत चालतो. त्यापूर्वी हिजरी १२०५ चा रमजान येऊन जातो आणि त्याची २५ वी तारीख २८ मे १७९१ च्या सुमारास पडते. म्हणजे एकाच सनात रमजानची २५ वी दोनदा येते. एक वेढा पडण्याच्या तीन महिने आधी, दुसरी किल्ला पडल्यानंतर. लिहिणाऱ्याने नियम मोडलेला नाही, वाचणाऱ्यानेही नाही. तरीही 'धारवाडकडे जावे' असा मजकूर त्या कागदात असेल, तर तो मोहिमेची तयारी सांगतो की जिंकलेल्या ठाण्याचा बंदोबस्त, हे तारखेवरून ठरत नाही. वार दिला असेल तर त्यावरून, नाही तर मजकुरातून ते शोधावे लागते.

अशा चुकीची किंमत केवळ अभ्यासकाने मोजलेली नाही. कंपनी सरकारने दक्षिण मराठा मुलखातील इनामांची चौकशी १८४३ पासून हाती घेतली आणि पुढे १८५२ चा अकरावा कायदा करून इनाम कमिशनला अधिकार दिले. धारवाड जिल्हा या चौकशीच्या मुळाशीच होता. देवस्थान, मठ, मशीद, दर्गा, काझी, देशपांडे, पाटील यांच्याकडील जमिनींचा हक्क सनदेवर अवलंबून होता आणि सनद किती जुनी हे तिच्यावरील सनावर. 'सबा' की 'सबैन' हा प्रश्न त्या घरांसाठी व्याकरणाचा राहिला नव्हता.

तटाच्या आतील पंचांग

टिपू सुलतानाने शुहूर किंवा फसली न घेता स्वतःचे पंचांग बांधले. वर्ष चैत्राच्या सुमारास सुरू होणारे, चांद्र-सौर, आणि साठ संवत्सरांच्या भारतीय चक्रावर उभे. महिन्यांची आणि संवत्सरांची नावे मात्र त्याने नवी दिली आणि त्यासाठी अबजद वापरले. तारीखगोईचा परिचय असलेल्या वाचकांना अबजद सांगण्याची गरज नाही. अलिफ एक, बे दोन, जीम तीन, दाल चार, या क्रमाने प्रत्येक अक्षराला मूल्य असते.

महिन्याच्या नावाचे आद्याक्षर त्याचा क्रमांक सांगत असे. अहमदी पहिला, बहारी दुसरा, जाफरी तिसरा, दाराई चौथा, हाशिमी पाचवा, आणि हैदरी आठवा. संवत्सराच्या नावातील सर्व अक्षरांची बेरीज म्हणजे साठांच्या चक्रातील त्याचा क्रमांक. हिजरी ११९८ च्या नाण्यांवरील 'अजल' हे नाव घ्यावे. अलिफ १, जे ७, लाम ३०, म्हणून ३८ वे. त्यापुढचे 'जलो' ३९ वे, 'दलो' ४० वे. नाव वाचले की आकडा मिळतो. खुणेतच अर्थ भरण्याची ही कल्पना अत्यंत हुशारीची होती.

सुमारे १७८७ मध्ये टिपूने नियम बदलला. हिजरीऐवजी प्रेषित मुहंमद (स.) यांच्या जन्मापासून मोजलेला मौलूदी सन आला आणि अबजदऐवजी अक्षरांचा वर्णमालेतील क्रम म्हणजे 'अबतस' आला. अलिफ, बे, ते, से, जीम, हे, खे या क्रमाने मूल्ये बदलली. नाण्यांवरील सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे मांडले जाऊ लागले. या नव्या नियमाने 'शता' फोडल्यास शीन ४०, ते ३, अलिफ १, एकूण ४४ येते. मौलूदी १२१८ हे चक्रातील ४४ वे वर्ष आणि शालिवाहन गणनेतील साधारण हे संवत्सरही ४४ वे. तटाच्या दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांची खूण न वाचता एकाच चक्राची एकच जागा मोजत होते.

नियम बदलताना मात्र काही जुनी नावे तशीच राहिली. जाफरी हा महिना आधी तिसरा होता, तो पाचवा झाला. हैदरी आठवा होता, तो सहावा झाला. नाव तेच, अर्थ निराळा. टिपूच्या पत्रांवर केवळ महिना असेल आणि पत्र कोणत्या वर्षीचे हे ठाऊक नसेल, तर ते दोन महिने पुढे-मागे होते. विल्यम कर्कपॅट्रिकला १८११ मध्ये टिपूची निवडक पत्रे इंग्रजीत छापताना या पंचांगाचा उलगडा आधी करावा लागला. १९२१ मध्ये हेंडरसनने हैदर आणि टिपूच्या नाण्यांवर पुस्तक लिहिले, त्यातही नाण्यांवरील सन आणि टांकसाळींची नावे यांची ओळख पटवणे हे मोठे काम होते. 'खुर्शीद-सवाद' म्हणजे धारवाड, ही ओळख अशा कामातून पक्की झाली. किल्ला पडल्यावर ते नाव लोकांच्या तोंडी राहिले नाही, धारवाड राहिले.

आजच्या शास्त्रांतील खुणा

१९९८ मध्ये फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या जनुकांची माहिती जमा करणाऱ्या संशोधकांनी 'जीन ऑन्टॉलॉजी' हा सामाईक संज्ञाकोश सुरू केला. त्यातील प्रत्येक संज्ञेला 'जीओ' ही दोन अक्षरे, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि मग सात अंक अशी खूण मिळते. संगणक टिंबांच्या जागी खूण फोडतो : डावीकडे कोश, उजवीकडे क्रमांक. सातच अंक आणि पुढची शून्ये कायम, त्यामुळे एखादा अंक गळाल्यास चूक लगेच उघडी पडते. तिसा तिसैनमधील एक शब्द गळाला तर ती पडत नव्हती.

या कोशांचे तीन नियम येथे महत्त्वाचे आहेत. पहिला, क्रमांकात अर्थ ठेवू नये. अर्थ संज्ञेच्या नावात आणि व्याख्येत असावा, म्हणजे ज्ञान सुधारले की नाव बदलता येते आणि खूण तशीच राहते. दुसरा, रद्द झालेला क्रमांक पुसू नये. तो रद्द अशा शेऱ्यासह जपावा, कारण जुन्या लेखांत तो आलेला असतो. तिसरा, एकदा वापरलेला क्रमांक दुसऱ्या अर्थाला देऊ नये. टिपूच्या पंचांगाने पहिला आणि तिसरा नियम मोडला, म्हणून नियम बदलताच नावे फसवी झाली. शुहूर सनाने एक पद्धत साडेचारशेहून अधिक वर्षे न बदलता चालवली, म्हणून तो आजही उलगडतो. त्याचा दोष वेगळा होता : सौर सनाला चांद्र महिना जोडल्याने एक खूण दोन दिवसांना लागू पडू लागली.

हुबळी-धारवाडच्या वाचकाला याचे उदाहरण रेल्वे स्थानकावर मिळते. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. २०२० मध्ये स्थानकाला श्री सिद्धारूढ स्वामीजींचे नाव मिळाले. तिकिटावरील 'यूबीएल' हा स्थानक-संकेत मात्र तोच राहिला. नाव आदराचे आणि अभिमानाचे असते, ते बदलू शकते. संकेत हिशोबाचा असतो, तो बदलला की जुने हिशोब तुटतात.

निष्कर्ष

शुहूर सनाचा कागद वाचण्यासाठी दोन विद्या लागतात. मोडी वाचता आली पाहिजे, ती मराठीच्या अभ्यासकाकडे असते. अरबी संख्याशब्द आणि हिजरी महिने कळले पाहिजेत, ते उर्दू-अरबीच्या अभ्यासकाकडे असते. गणेश हरी खरे यांच्या 'संशोधकाचा मित्र'सारखी साधने हाताशी आहेत, तरी तक्त्यात पाहून उत्तर काढणारा विद्यार्थी 'इहिदे' का आणि 'अहद' का नाही हे सांगू शकत नाही. पुसट कागदापुढे तक्ता थांबतो, तेथे व्याकरणच उपयोगी पडते.

महाविद्यालयांत हे दोन विभाग बहुधा एकाच मजल्यावर असतात आणि त्यांचे विद्यार्थी एकमेकांच्या वर्गात जात नाहीत. उर्दू विभागातील मुलांना मोडीचे कागद आपले वाटत नाहीत आणि मराठी विभागातील मुलांना अलफ, मया, तिसैन हे परके शब्द वाटतात. धारवाडच्या छावणीत ज्या कारकुनाने 'इहिदे तिसैन मया व अलफ' लिहिले, त्याला ते मराठीच वाटत होते. या भागातील जुन्या घरांत, दर्ग्यांत, मठांत अजूनही 'सु॥' ने सुरू होणारे कागद बासनात आहेत. दोन्ही विभागांनी मिळून वर्षातून चार तास दिले, तरी विद्यार्थी एक सन फोडायला शिकतील आणि आपल्या घरचा कागद कोणत्या वर्षाचा आहे हे स्वतः वाचतील.